ढब्बूच्या पोटाखालची वेल

मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझ्या काठाचा टवका उडालाय, अंगावर खारे पांढरे डाग पडलेत, पण अजून ओल धरून ठेवते. चाकावरून उतरले, भट्टीत भाजले आणि बरीच वर्षं एका रोपवाटिकेत काढली. तिथून या घरच्या आईने मला आणलं, तीन रोपांसोबत. तिन्ही एकाच कुळातली, ट्रॅडेस्कॅन्शियाची.

"नाव घ्यायला जीभ वळत नाही, पण लावायला नुसती फांदी खोचली की झालं," रोपवाली हसून म्हणाली होती. "जांभळीला ऊन द्या, पट्ट्यावालीला खिडकी आणि हिरवीला सावली."

आईने तसंच केलं. जांभळी गच्चीच्या कठड्यावर गेली, पट्ट्यावाली खिडकीत आणि हिरवी माझ्यात, मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीला. बघता बघता ती माझ्या काठावरून उतरली आणि जमिनीवर हिरवीगार गादी पसरली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही फुगले होते, मित्रांनो.

त्या गादीवर ढब्बू झोपू लागला. ढब्बू म्हणजे घरातला कुत्रा, घरातल्या धाकट्या मुलीचा जीव की प्राण. थोड्याच दिवसांत तो खाजवू लागला. साबण बदलला, खाणं बदललं, जनावरांच्या डॉक्टरांचं मलम झालं. जरा बरं वाटायचं, की पुन्हा पोट लालबुंद, रक्त येईपर्यंत. मला दिसत होतं. घरात कोंडला की बरा, इथे येऊन लोळला की पुन्हा तेच. पण कुंडीला तोंड असतं, वाचा नसते.

शेवटी बाबा वैतागले. "उद्या ही खाज पोरीला लागली म्हणजे? जाऊ दे त्याला काकाच्या गोदामावर, राखणीला."

काका गाडी आणि साखळी घेऊन आला. धाकटी मागच्या दाराआड उभी राहिली. आईला ते बघवेना, म्हणून ती अंगणात आली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकू डोकावल्या.

"अगं, केवढी माजलीय ही! दोन फांद्या दे की मला."

"दोन कशाला, पोतंभर न्या."

आईने भराभरा वेल तोडून कवेत घेतली. पुढच्या अंगणात गाडीचं दार लागलं. आई मनगट खाजवू लागली. दंडापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं.

"मुंगी चावली का गं?" काकूंनी विचारलं.

वेलीत ढब्बूच्या झोपण्याने पडलेल्या खळग्याकडे आई टक लावून बघत होती.

"धाकटे, त्याच्या पाठीवर कधी चट्टा बघितलास?"

"नाही. नुसत्या पोटावर."

गाडी सुरू झाली होती. धाकटी अनवाणीच पळाली. "काका, थांब! काका!" भिंतीआडचं मला काही दिसत नव्हतं. गाडीचा आवाज लांब गेला. मग करकचून ब्रेक लागला.

ढब्बू परत आला, आणि आईने बाबांना आपला पुरळलेला हात आणि वेलीतला खळगा दाखवला. "काका पुन्हा येईल तोवर बघू," बाबा म्हणाले. "फरक नसला तर त्याच गाडीने जाईल."

धाकटी वेल जाळायलाच निघाली होती. आईने तिला अडवलं. "तिचा काय दोष? जागा आपली चुकली." हातमोजे घालून तिने हिरवी तारेच्या टोपलीत लावली आणि उंच टांगली. मी रिकामी झाले.

काका पुन्हा आला, साखळीसकट. बाबांनी ढब्बूला उताणं पाडलं. बाबांनी पोटावरून हात फिरवला, दोनदा फिरवला. लाली गेली होती आणि कापसासारखी लव उगवली होती.

"गोदामाला मोठं कुलूप लाव," बाबा काकाला म्हणाले. "आमचा गडी मिळायचा नाही."

मित्रांनो, रोप निवडताना पानांचा रंग बघा, ऊन-सावली बघा आणि घरात जमिनीशी कोण राहतं तेही बघा. रांगतं बाळ असेल, मांजर असेल, कुत्रा असेल. त्यांना सांगता येत नाही. त्यांच्या अंगावर काय उमटलंय, ते तुम्हीच बघायला हवं.