शब्दाआधीची सावली

सरांचं म्हणणं खरं ठरलं तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब केरसुणीनं केव्हाच मांडून ठेवला होता. दर वर्षी मुदत वाढवून मागायची लाचारी संपून कायमची नोकरी मिळेल. खिडकी असलेली खोली मिळेल. आणि शेजारीणबाईंचं पडलेलं तोंड बघायला मिळेल. हे शेवटचं फुकटात येणार होतं, म्हणून तिला त्याचीच गोडी जास्त.

केरसुणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात जुन्या फितींमधला केर काढणं हे तिचं काम. कुणाचा खोकला, खुर्चीची करकर, लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं, सगळं झाडून बोलणाऱ्याचा आवाज तेवढा लख्ख ठेवायचा. लोकांनी नाव ठेवलं, तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. एकच गोष्ट तिनं कधी झाडली नव्हती: गेलेल्या आईचा फोनमध्ये राहिलेला निरोप. मागे नळ वाहतोय आणि आई म्हणतेय, "अगं, पोचलीस की कळव. आणि तुझ्या बाबांना सांग, चष्मा फडताळातच आहे." बाबा रोज दुपारी जेवताना तो निरोप लावून ऐकायचे. चष्मा डोळ्यांवर असायचा, तरी "बरं बरं" म्हणायचे.

तर वाद असा होता. जपानी आणि मंगोलियन या भाषा सख्ख्या बहिणी, असं भाषाविभागातल्या सरांचं मत. पलीकडच्या खोलीतल्या प्राध्यापिकेच्या मते त्या नुसत्या शेजारणी. म्हणून तर तिला सगळे शेजारीणबाई म्हणत. दोन्हींची चालण्याची ढब एक, हे दोघांनाही कबूल. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. वाक्य संपेपर्यंत माणूस आला की गेला, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. पण चेहरे जुळता जुळत नव्हते. पाण्याला एकीकडे मिझु, दुसरीकडे उस. हाताला एकीकडे 'ते', दुसरीकडे 'गार'.

"वर्षानुवर्षं एका जिन्यात राहिल्या की बायका कुरकुरतातसुद्धा सारख्याच," शेजारीणबाई म्हणायच्या. "म्हणून काय त्यांना एकाच आईच्या लेकी म्हणायचं?"

"आई सापडत नाही म्हणजे ती नव्हतीच, असं होत नाही हो बाई," सर म्हणायचे.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती या दोघांपैकीच एकाची. सरांनी दोन जुन्या फिती मागवल्या. एकीवर एक जपानी म्हातारी, दुसरीवर एक मंगोलियन म्हातारी. दोघी आपापल्या भाषेत साधे साधे शब्द म्हणतात: पाणी, हात, आई. देश वेगळे, यंत्रं वेगळी, मधे वीसेक वर्षांचं अंतर.

"चकाचक करून दे," सर म्हणाले. "खुर्चीत बसलो की पहिली सही तुझ्या कागदावर."

"आणि दुसरी खिडकीवर," केरसुणी म्हणाली.

जुन्या फितीला एक खोड असते. ती गुंडाळून ठेवतात, वेटोळ्यावर वेटोळं बसतं, आणि एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. मग लावली की शब्दाच्या आधी क्षणभर त्याच शब्दाची सावली ऐकू येते. केरसुणीनं आयुष्यात अशा हजारो सावल्या झाडल्या होत्या. तिनं हेडफोन चढवला, जपानी फीत लावली आणि 'मिझु'च्या आधीची सावली जरा मोठी केली.

ती 'मिझु'ची नव्हती.

दुसराच कुठलातरी शब्द होता. आवाज ना बाईचा ना बुवाचा, बिनघाईचा. तो शब्द सांगितला गेला, आणि मग म्हातारी आपला 'मिझु' म्हणाली. केरसुणीनं मंगोलियन फीत लावली. 'उस'च्या आधी तोच आवाज. तोच शब्द.

तिनं सरांना बोलावलं. सरांनी पाण्यापासून आईपर्यंत सगळं ऐकलं आणि हेडफोन काढला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "हीच ती आई," ते म्हणाले. "सांगणारी एक. या दोघी आपापल्या जिभेनं तिच्या मागून म्हणताहेत."

गडबड ऐकून शेजारीणबाई आल्या. त्यांनीही ऐकलं. "एका कपाटात शेजारीशेजारी ठेवल्या असतील. लागला असेल एकीचा डाग दुसरीला."

"बाई, डाग त्याच फितीच्या थरांना लागतो. या फितीचा त्या फितीला नाही," केरसुणी म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवायचं. मी केर काढते."

शेजारीणबाईंचं तोंड खरोखरच पडलं. ठरल्याप्रमाणे केरसुणीला ते बघायला मिळालं, पण त्यात गंमत अजिबात वाटली नाही.

"आता उलटं कर," सर म्हणाले. "म्हाताऱ्या काढ, सावली ठेव."

तिनं तसं केलं. आता यंत्रातून एकटी सावली बोलू लागली. एक शब्द म्हणायची आणि थांबायची. पुढचा म्हणायची, पुन्हा थांबायची. तान्ह्याला बोलायला शिकवताना आई 'म्हण बघू' म्हणून थांबते, तसं ते थांबणं होतं. पहिल्या दिवशी सरांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते त्या थांबण्यात मागून म्हणू लागले.

मग सरांचं बोलणं अडखळायला लागलं. प्रत्येक शब्दाआधी ते कान दिल्यासारखे थांबायचे. "सर, चहा घेताय ना?" तिनं विचारलं, तर त्यांनी कपाकडे बघितलं, वाट पाहिली, आणि सावलीचा शब्द उच्चारला. त्यानंतर दुसरं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

न्यायला त्यांची बायको आली. "वहिनी, घरी तरी बोलतात का?" केरसुणीनं विचारलं.

"माझ्याकडे बघत थांबून राहतात गं. मी कोण ते कुणीतरी सांगेल म्हणून."

खुर्ची शेजारीणबाईंकडे गेली. त्यांनी पहिली सही केरसुणीच्याच कागदावर केली आणि दोन्ही फिती तिच्या हातात दिल्या. "कुलपात टाक. खिडकीची खोली घे. आणि पुन्हा कुणाला ऐकवू नकोस, माझे आई."

म्हणजे केरसुणीला सगळं मिळालं. त्या दुपारी ती पेढ्यासारखा गोड चेहरा करून जेवायला घरी गेली. बाबांनी निरोप लावला. नळ वाहायला लागला. "अगं," आई म्हणाली, आणि थांबली. मग, "पोचलीस की कळव."

आई अशी थांबायचीच. पण किती वेळ थांबायची, हे केरसुणीनं आजवर ऐकलं नव्हतं.

फोनमध्ये फीत नसते. थर नसतात, वेटोळी नसतात, सावली उमटायला जागाच नसते. हे सगळं स्वतःला बजावत तिनं तो निरोप कामावर नेला आणि ती थांबण्याची जागा मोठी केली. तोच बिनघाईचा आवाज. आधी तो सांगतोय, मागून आई म्हणतेय. 'पोचलीस'च्या आधी, 'कळव'च्या आधी, चष्म्याच्यासुद्धा आधी.

तिला राग आला. माझ्या आईला शिकवणारी तू कोण? आणि हात सवयीचा होता. तिथेच हात आवरला असता तर निभावलं असतं. पण तिनं सावली झाडली, सावली तेवढीच, आईच्या एका अक्षराला धक्का न लावता. मग लावून बघितलं.

नळ वाहत होता. बाकी काही नव्हतं.

मूळ प्रत जपून ठेवायची, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तिनं ती ठेवलीच होती. तीही लावली. नळच वाहत होता.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ताट पुढे ओढलं, फोनवरचा निरोप लावला आणि मान कलती करून बसले. नळ वाहिला, वाहतच राहिला. त्यांनी 'बरं बरं' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बिघडलाय का गं फोन?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. म्हणण्याआधी ती थांबली, आणि तो शब्द कुणीतरी आधी सांगेल म्हणून आपण वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

तेव्हा हिशेब असा लागला: खुर्ची बाईंना, नोकरी केरसुणीला, हरवलेली आई सरांना. आणि या देण्याघेण्यात कधी नव्हतेच ते बाबा रिकाम्या नळापुढे बसलेले. सगळ्यांची किंमत त्यांनी भरली.