न धुतलेला सदरा

लालबागच्या त्या पत्राचं उत्तर गंगाधरपंतांनी चार वर्षं दिलं नव्हतं. विसरले असते तर बरं झालं असतं. पण शब्दकोशाच्या पानांत ठेवलेलं ते पत्र कुठलाही शब्द शोधायला गेलं की हाताला लागायचं. रेघी कागद, अक्षर शाळकरी मुलीचं आणि बोलणं एका बाईचं.

'रा. रा. गंगाधरपंत सावरडेकर यांस रखमा धोंडू परब हिचा नमस्कार. माझा मुलगा लवू तुमची पुस्तकं मोठ्याने वाचायचा, मी ऐकायची. तो गेल्या महिन्यात गोळीबारात गेला. कोणी मारलं ते कोणी सांगत नाही. तुमचे जयवंतराव ठाकूरद्वारला राहतात. त्यांना एकदा आमच्याकडे पाठवा. चहापाणी करीन. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी काही हलवलेलं नाही.'

जयवंतराव ठाकूरद्वारला राहत नव्हते. ते कुठेच राहत नव्हते. विमा कंपनीतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर पंत रोज वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या खून-खटल्यांचे जुने इंग्रजी ग्रंथ वाचत. नवऱ्याला विष घालणारी बायको, ट्रंकेत कोंबलेलं प्रेत, मोलकरणीवर आलेला आळ. ते सगळं ते मराठीत आणत आणि लंडनचं गिरगाव करत. तिथला इन्स्पेक्टर इथे जयवंतराव झाला. लांब कोट, हातात छत्री, आणि उंबऱ्यात पाऊल टाकताच ठरलेलं वाक्य: 'काही हलवू नका, काही धुऊ नका.' हे वाक्य मूळ इंग्रजीत नव्हतंच. पहिल्या पुस्तकाचं एक पान भरायला दोन ओळी कमी पडत होत्या, म्हणून पंतांनी ते घातलं. वाचकांना आवडलं. मग ते प्रत्येक पुस्तकात आलं.

मूळ खटल्यांत पुष्कळ खून उलगडतच नसत. नदीत सापडलेली बाई कोणाची, कोणी मारली, शेवटपर्यंत पत्ता नाही. तिथे पंत आपल्या पदरचा शेवट जोडत. प्रकाशक शामरावांची सक्त ताकीद होती. "पंत, खुनी सापडला नाही तर वाचक मला धरतील."

एप्रिल संपत आला होता. महाराष्ट्र होणार म्हणून गिरगावात कमानी बांधणं चाललं होतं. शामरावांनी पंतांना दुकानात बोलावून घेतलं.

"बसा. चहा सांगितलाय. ह्या वेळी ठाकूरद्वारला धुकं नको हं. मागच्या पुस्तकावर एकाने लिहून विचारलंय, आमच्या आळीत धुकं कधी पडलं?"

"मूळ कथा नोव्हेंबरातली होती," पंत पुटपुटले.

"असेल. आता असं करा, लंडन सोडा. आपलंच घ्या. गोळीबारात पोरगा जातो, हुतात्मा. जयवंतराव त्याचा खुनी शोधून काढतात. काय? हा उत्साह ओसरायच्या आत आलं तर हां हां म्हणता संपेल."

पंतांनी आलेला चहा पुढे ओढला. "आणि खुनी कोण दाखवायचा?"

"ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही की मी?"

पंतांनी चहा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लालबागला गेले. वाटेत त्यांनी एकच वाक्य घोकलं. 'बाई, जयवंतराव नावाचं कोणी नाही.' वाक्य साधं होतं. त्यांच्या मनात साधी वाक्यं चांगली जुळत. माणूस समोर आला की त्यांचे तुकडे होत.

चाळीच्या गॅलरीत एक तरुणी तांदूळ निवडत होती. पंतांनी नाव सांगताच ती सूप ठेवून उठली. ही शेजारची बकुळा. पत्रातलं अक्षर तिचं.

"काकी, पुस्तकवाले आलेत. गिरगावचे."

आतून बारीक, उभट चेहऱ्याची बाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "जयवंतराव?"

"ते नव्हेत गं. लिहिणारे."

"म्हणजे तेंचे कारकून," रखमा म्हणाली.

उभा जन्म कारकुनीत गेलेल्या पंतांना ह्याला नाही म्हणता आलं नाही.

"बसा. म्हटला, इसारले की काय. पण मोठ्या माणसाक कामा आसतत. बकुळे, चाय ठेव गो."

"बाई," पंत म्हणाले, "मी सांगायला आलो होतो की..."

"मगे सांगा. आदी ह्या बघा."

तिने खाटेखालची ट्रंक ओढली. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते मांडीवर घेतलं आणि एकेक पदर सोडवला.

"धुवूक नाय हा. माझे दीर म्हणतत, मेल्या माणसाचो कपडो घरात ठेवू नको, समुद्रात सोड. चार वर्सा बोलतत. मी सांगलंय, जयवंतराव येवन बघतले, मगे सोडतलंय."

सदरा होता. मूळचा पांढरा असावा. डाग काळपट होऊन कापड पुठ्ठ्यासारखं ताठरलं होतं, घड्यांवर चिरलं होतं. पंतांनी पुस्तकांतून रक्ताचे सदरे पुष्कळ लिहिले होते. हातात कधी घेतला नव्हता. तो इतका हलका असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"उलटो करा," रखमा म्हणाली.

पंतांनी उलटा केला. खांद्याखाली, पाठीला, एक भोक होतं. करंगळी जाईल एवढं.

"पाटीर आसा. बघलात? पेपरात लिवलेला, लोक अंगावर धावन इले म्हणान. बकुळेन वाचून दाखवल्यान. लवू गिरणीची पाळी सुटली तसो घराक येय होतो. आणि अंगावर धावन जाणाऱ्याक पाटीर कशी लागता? माझ्यासारखीक समाजला. जयवंतरावांका तर बघल्या बघल्या समाजतला."

बकुळाने चहाचा कप आणून ठेवला आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"बघितलं," पंत म्हणाले.

"मगे काय सांगशात तेंका?"

"जे पाहिलं ते."

"आणि ह्या धुवू, की अजून ठेवू?" तिचा हात सदऱ्यावर होता, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "वास मरत चाललो. रोज उघडून बघतंय. कसर लागात म्हणान भीती वाटता."

"मी... कळवतो. टपालाने."

रखमाने मान हलवली. चार वर्षं थांबलेल्या बाईला आणखी चार दिवसांचं काही वाटलं नाही.

बकुळा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. "काका, जयवंतराव नाहीतच ना?"

"तुला ठाऊक होतं?"

"लवूला पण ठाऊक होतं. पण काकीला बोलला नाही कधी. ती मधेच विचारायची, आता ते काय करतील रे? तो पुस्तक मिटून म्हणायचा, ठाकूरद्वारला जाऊन विचारून येतो. आणि खाली जाऊन विडी ओढून यायचा." ती हसली आणि मग तिने ओठ चावला. "मी तरी कसं सांगू? तुम्ही लिहा. मी वाचून दाखवीन. एक अक्षर बदलणार नाही."

पंतांनी घरी येऊन पहिलं पत्र जयवंतरावांच्या नावाने लिहिलं. खुनी सापडला, कबुली दिली, शिक्षा झाली. असे शेवट त्यांना झोपेत लिहिता आले असते. वाचून पाहिलं, तर पत्र छान उतरलं होतं. त्यांनी ते फाडलं. सकाळी दुसरं लिहिलं.

'रखमाबाईंस नमस्कार. जयवंतराव नाहीत. ते मी रचले. काल आलो तो मीच, पण तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही. विलायतेतल्या ज्या खुनांवर मी पुस्तकं लिहिली, त्यांतले पुष्कळ खुनी कधीच सापडले नाहीत. लवूने तुम्हांला वाचून दाखवलेले शेवट माझ्या पदरचे होते. त्याला मारणारा मला शोधता येणार नाही.

पण सदरा मी पाहिला. गोळी पाठीत आहे. तो घराकडे येत होता, कोणाच्या अंगावर गेला नव्हता. ह्याला गोळी लागून मरणं म्हणत नाहीत. हा खून आहे. कोणी विचारलं तर माझं नाव सांगून हे पत्र दाखवा.

काही धुऊ नका, असं जयवंतराव म्हणत, ते वाक्यही माझंच होतं. ते मी परत घेतो. सदरा आता धुवायला हरकत नाही.

गंगाधर सावरडेकर.'

'हरकत नाही' हे शब्द फार कचेरीतले वाटतात का, असा विचार त्यांनी पुष्कळ केला. दुसरे सुचले नाहीत.

रस्त्यात कमानीवर कोणीतरी दिवे लावून बघत होता. भर उन्हात ते लागले की नाही हे खालून कळत नव्हतं. "लागले काय रे?" वरून ओरडणं झालं. पंत टपालपेटीपाशी थांबले. पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं, आणि नावाखालची, पत्त्यातली जरा पुसट उमटलेली अक्षरं पेनाने गिरवली. मग पाकीट आत सोडलं. पेटीच्या तोंडातून हात काढायला त्यांना थोडा वेळ लागला.