डाव्या हाताची सवय

फौजेत असताना कॅप्टनच्या नावावर एक वेडेपणा जमा झाला होता आणि तो निवृत्तीनंतरही पुसला गेला नाही. प्रशिक्षणात तो तुकडीत पहिला आला होता. पहिल्या आलेल्यानं लढाऊ जेट मागायचं असतं. खरं तर न मागताही मिळतं. या पठ्ठ्यानं फॉर्मवर हेलिकॉप्टर लिहिलं. साहेबानं बोलावून घेऊन लिहिताना चूक तर झाली नाही ना, असं दोनदा विचारलं. वडिलांनी महिनाभर अबोला धरला आणि मग चारचौघांत मान खाली जायला नको म्हणून पोराच्या डोळ्यांत किंचित दोष आहे, अशी थाप ठोकून दिली. तेव्हापासून नात्यातली प्रत्येक मावशी भेटली की त्याला आधी डोळ्यांचं विचारते.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नाही, कारण त्याला त्याची लाज वाटायची. जेटमध्ये माणूस एकटा बसतो. पुढे काच, मागे इंधन आणि कानात कुठल्यातरी लांबच्या माणसाचा आवाज. कॅप्टन चार बहिणींच्या पाठचा. रिकाम्या घरात त्याला पाच मिनिटं थांबवत नसे. हेलिकॉप्टरमध्ये शेजारी एक जण असतो, मागे चार-सहा असतात. कुणी कण्हतं, कुणी ओकतं, कुणी उतरताना खांद्यावर हात ठेवून जातं. वीस वर्षं त्यानं पुरातून आणि बर्फातून माणसं उचलून आणली, आणि आपण चुकीचा फॉर्म भरला असं त्याला एक दिवसही वाटलं नाही.

मग फौज संपली आणि पोटापाण्याचा प्रश्न आला. जेटवाले सोबती विमान कंपन्यांत गेले आणि आपापल्या घरी झोपू लागले. हेलिकॉप्टरवाल्याला विमान कंपनी सहसा दारात उभं करत नाही. आयुष्यभर उडवलंस ते ठीक, पण विमान कुठे उडवलंस, असं विचारते. कॅप्टनला मिळालं ते विजेच्या तारा तपासायचं काम. उंच तारांच्या कडेनं सावकाश उडत जायचं आणि खांबामागून खांब कॅमेऱ्यात टिपायचा. कॅमेरा आपला आपण चालतो. शेजारची सीट वजन वाचवायला काढून टाकलेली. ज्या एकटेपणाला भिऊन त्यानं जेट नाकारलं होतं, तोच असा पगारासकट त्याच्या पदरात पडला.

हे काम घरापासून फार लांब होतं. दीड महिना ड्यूटी, पंधरा दिवस रजा. हँगरच्या मागच्या गल्लीत त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. सुरुवातीला हौसेनं दोन खुर्च्या आणल्या. दुसरीवर आता धुतलेले कपडे पडून असतात. संध्याकाळी तो वाण्याकडे एकेक वस्तू आणायला तीन-तीन फेऱ्या मारायचा, तेवढंच कुणाशी बोलणं व्हायचं. वाण्याला वाटे, हा माणूस विसराळू आहे.

वर्षापूर्वीच्या एका रजेत सोळा वर्षांच्या लेकीनं त्याला विचारलं, "बाबा, तू चहात साखर घेतोस ना?" प्रश्न साधाच होता, पण पाहुण्याला विचारतात तसा होता. त्याच दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, "दोन वर्षांत ती शिकायला बाहेर जाईल. यायचं असेल तर आत्ता ये. नंतर आलास तर मी आहेच, पण ती नसेल." ती रागावून बोलली नाही, हिशेब सांगावा तसं बोलली.

म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यानं कंबर कसली. रजेचे दिवस मोडून छोट्या विमानावर धडे घेतले, विशी-बाविशीच्या पोरांसोबत परीक्षेला बसला, विमानाचं लायसन्स काढलं. त्याच्याच शहरातून उड्डाणं करणाऱ्या एका कंपनीनं चाचणीला बोलावलं. आज पास झाला की को-पायलटची नोकरी आणि बहुतेक रात्री घरी. नापास झाला तर वर्षभर पुन्हा अर्ज करता यायचा नाही.

चाचणी घ्यायला समोर उभा राहिला तो त्याच्याच तुकडीतला, सगळे ज्याला फुगा म्हणायचे तो सोबती. प्रशिक्षणात दुसरा आलेला, पुढे जेट उडवलेला आणि आता या कंपनीचा बडा परीक्षक. पोट मात्र आता नावाला जागलं होतं.

"डोळे कसे आहेत?" फुग्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं आणि दोघंही हसले. मग दोघं सिम्युलेटरमध्ये चढले. कॉकपिट हुबेहूब खऱ्यासारखं, फक्त जमिनीला खिळलेलं; काचेपलीकडे पडद्यावरची धावपट्टी. फुगा डावीकडे बसला, कॅप्टन उजवीकडे. इंजिनांचे थ्रॉटल दोघांच्या मध्ये, म्हणजे बरोबर कॅप्टनच्या डाव्या हाताशी.

तासभर सगळं सुरळीत चाललं. शेजारी माणूस होता, त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि कॅप्टनला कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं. शेवटचं उतरणं राहिलं. धावपट्टी शंभर फुटांवर आली आणि फुग्यानं तिच्यावर मधोमध एक ट्रक आणून उभा केला.

"वर घे," फुगा म्हणाला.

हेलिकॉप्टरमध्येही डाव्या हाताशी एक दांडा असतो. वर जायचं असलं की तो वर ओढायचा. वीस-पंचवीस वर्षं जीव वाचवायचा म्हणजे डावा हात ओढायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. विमानाचं उलटं असतं. थ्रॉटल पुढे ढकलला तर ताकद मिळते आणि मागे ओढला तर असलेलीही जाते. छोट्या विमानावर हात शहाण्यासारखा वागला होता. इथे समोर ट्रक दिसला आणि कॅप्टनच्या डाव्या हातानं थ्रॉटल सरळ मागे ओढला.

इंजिनं शांत झाली. कॉकपिटमध्ये धोक्याचा आवाज सुरू झाला. फुग्यानं बटण दाबून चित्र थांबवलं; ट्रक काचेच्या जेमतेम पुढे, चाकं मोजता येतील इतका जवळ.

फुग्यानं चित्र पुन्हा मागे नेलं. मग म्हणाला, "पुन्हा एकदा घेऊ."

दुसऱ्यांदा कॅप्टननं अगदी पुस्तकातल्यासारखं केलं.

"झालं की," फुगा म्हणाला. "हीच खेप अहवालात लिहितो मी. पहिल्या वेळचं तुझ्यामाझ्यात राहील. ट्रेनिंगमध्ये जाईल ती सवय."

कॅप्टन आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. घर डोळ्यांसमोर आलं, स्वयंपाकघरातली खिडकी, लेकीची दारात फेकलेली चप्पल. हो म्हणायचा अवकाश होता.

"दुसऱ्या वेळी मला माहीत होतं तू ट्रक आणणार," तो म्हणाला.

"मग काय झालं?"

"मागे दीडशे माणसं असतील तेव्हा आधी कोण सांगणार आहे?"

"अरे, सगळे चुकतात पहिल्यांदा."

"मी चुकलो नाही रे. हातानं त्याला येतं तेच केलं. पहिलं लिही."

फुग्यानं त्याच्याकडे बघितलं, पेन उघडलं आणि पहिलं लिहिलं.

बाहेर पाहुण्यांच्या बाकावर बसून त्यानं घरी फोन लावला. बायको कामावर होती, लेकीनं उचलला.

"नाही झालं," तो म्हणाला. लेक घरी असण्याचं उरलेलं वर्षही हातातून गेलं होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं.

"बरं," ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं की काहीतरी जास्त बोलायला हवं. "तू वाईट नको वाटून घेऊ, बाबा. आम्ही तू येशील असं धरलंच नव्हतं."

ती त्याची समजूत घालत होती, हे त्याला कळलं. ती खरं बोलत होती, हेही कळलं.

"मग ठेवू?" तिनं विचारलं.

"थांब ना. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

तिनं मनापासून विचारलं होतं. त्यानं काहीतरी विचारायला शोधलं. तिच्या मैत्रिणी, तिचा अभ्यास, तिला सध्या काय आवडतं. विचारायला निदान एखादं नाव तरी माहीत असावं लागतं. एकही आठवेना.

"जेवलीस का?" शेवटी तो म्हणाला.

"बाबा, साडेपाच वाजलेत."

"हो," तो म्हणाला. "ते आहेच."