अर्धं फुटलेलं लिंबू

रविवारी पहाटे नाल्याला जो पूर आला, त्याची उंची मोजायला तांड्यात कोणी शुद्धीवर नव्हतं. म्हणून ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी उंची आहे. नेमसिंग सांगतो, पाणी बाभळीच्या शेंड्याला लागलं होतं आणि एक कोंबडा म्हशीच्या पाठीवर उभा राहून थेट महागावपर्यंत बांग देत गेला; बाजारात उतरला तेव्हा म्हशीकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. खरं-खोटं त्या कोंबड्याला विचारावं. नेमसिंगचा मोठा भाऊ खेमसिंग याच्या गाडीपुरती उंची मात्र पक्की होती. दाराच्या मुठीखाली चार बोटांवर चिखलाची रेघ अशी सरळ उमटली होती, की तेवढी सरळ रेघ तलाठ्याला उभ्या जन्मात ओढता आली नसती.

गाडी उंच चाकांची, आठ जणांची, आणि कोंबले तर अठरा जणांची. तांड्यातली कितीतरी लेकरं दवाखाना यायच्या आधी तिच्या मागच्या बाकावरच जन्मली. एक घाटात जन्मला. तो अजून वळण आलं की हॉर्न दिल्यासारखा रडतो म्हणतात. पण दीड वर्षापासून गाडीला एकच काम उरलं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी खेमसिंग बायकोला, बसंतीबाईला, यवतमाळला न्यायचा. तिच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. तिथलं मशीन चार तास तिचं रक्त धुवायचं, मग पुढचे तीन दिवस बसंतीबाई माणसात असायची.

या आठवड्याचा मंगळवार पुरानं खाल्ला. बुधवारी सकाळी तिच्या पायातली कडी सुजेत रुतून बसली होती. आडवी झाली की दम कोंडायचा, म्हणून दोन रात्री ती भिंतीला टेकून बसूनच होती. शुक्रवारही चुकला तर काय होईल, हे मशीनवरच्या नर्सनं खेमसिंगला मागेच सांगून ठेवलं होतं. एकदाच, आणि हळू आवाजात.

पूल एका बाजूनं खचला होता. मोटारसायकल तेवढी काठाकाठानं निघे. बसंतीबाईला मोटारसायकलवर बसवून पाहिलं, तर दहा पावलांत तिची मान कलंडली. रानातून फिरून जायची एक वाट होती, पण त्या वाटेनं जायला उंच चाकांची हीच एक गाडी.

"भाभी, खाटेवर नेतो," नेमसिंग म्हणाला. "चौघं जण उचलतो. पुलापल्याड एकशेआठची दवाखान्याची गाडी बोलावू."

"चौघांनी उचलून नेलेलं माणूस परत येताना पाह्यलं का कोणी?" बसंतीबाईनं विचारलं. "मी गाडीतच बसून जाईन. अन् तू तं पुढच्या पायाले लागशील, नेमसिंग. तुले सगळ्यातच घाई."

सगळे हसले. खेमसिंग हसला नाही. गाडीचं खरं काय ते एकट्या त्याला ठाऊक होतं.

महागावात मोहिउद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजवर एक पत्रा लावलेला आहे: 'बुडालेल्या गाडीले चाबी लावली असल्यास माझ्या दारात आणू नये.' तीस वर्षं खेमसिंग तो पत्रा वाचत आला होता. इंजिनात पाणी असलं आणि चाबी मारली, तर पाणी दबत नाही, लोखंड वाकतं, हे त्यानं स्वतः दहा जणांना शिकवलं होतं. तरी मंगळवारी पाणी उतरल्यावर बसंतीबाई भिंत धरत अंगणात आली. तिनं गाडीवरून मिरच्या ओवाळल्या, चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं, "यावरून चाक फिरवा, मंग काही होत नाही," म्हणाली, आणि धापा टाकत आत गेली. दीड वर्षात तिनं त्याला काहीच मागितलं नव्हतं. खेमसिंगनं बसून चाबी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, पेटलं, गाडी बोटभर पुढं सरकली. मग आत कुठंतरी 'खट्' झालं आणि सगळं गप्प.

"फुटले का लिंबं?" आतून तिचा आवाज आला.

"फुटले," खेमसिंग म्हणाला.

मोहिउद्दीन मिस्त्री बुधवारी दुपारी पाठीला हत्यारांची पिशवी बांधून मोटारसायकलवर आला. या माणसाच्या कानाची ख्याती अशी, की उमरखेडच्या रस्त्यावर ट्रक खोकला तर हा महागावात चहाची बशी खाली ठेवून 'दोन नंबरचं नोझल' म्हणायचा. एकदा एका नवरदेवाच्या गाडीचा आवाज ऐकून त्यानं लग्न टिकणार नाही म्हणून सांगितलं, आणि टिकलं नाही. गाडी मात्र अजून चालते.

"चाबी मारली का?" त्यानं उतरता उतरताच विचारलं.

"नाही."

"दुसऱ्या कोणी?"

"नाही म्हणलं न, उस्ताद."

मोहिउद्दीननं बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढून उन्हात धरली. तेल जाऊन तिथं दुधाचा चहा झाला होता. "हे धुऊन निघते," तो म्हणाला. एअर फिल्टर काढून पिळला, तर धुणं पिळल्यासारखं गढूळ पाणी गळालं. "हेही निघते." मग त्यानं चारही नोझल खोलले, खालच्या पुलीला पाना लावला आणि इंजिन हातानं फिरवलं. चार भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या आणि एक नेमसिंगच्या तोंडावर बसली.

"फिरून राह्यलं!" खेमसिंग ओरडला. "उस्ताद, इंजिन फिरून राह्यलं न!"

त्याला वाटलं, तो 'खट्' आवाज आपल्या मनाचाच असेल. गाडीतल्या हत्यारांच्या पेटीचं झाकण पडलं असेल. शुक्रवार त्याला असा डोळ्यांपुढं दिसला, की गाडीत उशी कोणत्या बाजूला ठेवायची हेही त्यानं ठरवून टाकलं.

मोहिउद्दीननं पिशवीतून सायकलच्या चाकाची एक तार काढली. एका भोकातून ती पिस्टनवर टेकवली, पिस्टन पार वर आणला आणि तारेवर नखानं खूण केली. चारही पिस्टन सारखेच वर यायला पाहिजेत. एक आला. चार आला. दोन आला. तिसऱ्या भोकात तार तुरीच्या डाळीएवढी जास्त आत गेली. त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा मोजलं. डाळ तेवढीच.

मग तो वाकला आणि पुढच्या चाकाकडं पाहत राहिला. पेचकसानं उकरून त्यानं काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. एका बाजूनं चपटं, दुसऱ्या बाजूनं साबूत असं लिंबू होतं ते. त्यावर टायरची नक्षी उमटली होती.

"हे काय आहे, खेमसिंग?"

खेमसिंगनं दाराकडं पाहिलं. दार लोटलेलं होतं. तो खाली बसला आणि कुजबुजत सगळं बोलून गेला. मिरच्या, लिंबं, ती भिंत धरून आली ते, सगळं.

"काहून मारली चाबी?" मोहिउद्दीननं विचारलं. "नुसतं पाणी होतं रे! दोन दिवसांचं काम. शुक्रवारी पहाटे गाडी दारात उभी असती. आता पिस्टनचा रॉड वाकला. इंजिन उतरवा, पूल झाला की महागावले न्या. महिना धर."

"महिना?"

"तुले ठाऊक होतं. तुले तं ठाऊक होतं!"

"तिले सांगू नका, उस्ताद. लिंबानं झालं म्हणून ती जीव सोडन. शुक्रवारपर्यंतही राहणार नाही."

"गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही. बायकोशी बोलतो, गाडीबद्दल नाही."

तेवढ्यात दार करकरलं. बसंतीबाई चौकट धरून उभी होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते.

"काय म्हणते गाडी, भाईजान?"

मोहिउद्दीननं तार पुसली, पिशवीत ठेवली, पुन्हा काढली. "पाणीच लई होतं, भाभी," तो म्हणाला. "पाण्यातच गेली. कोणाचा इलाज नव्हता." चाळीस वर्षांत इंजिनाबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि इतकं वाईट बोलला, की शेजारच्या बकरीनंही मान वर केली.

"ते लिंबू द्या इकडं."

त्यानं दिलं. बसंतीबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "फुटले म्हणलं होतं तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. मग ती दिराकडं वळली.

"नेमसिंग, तिघं जण बोलाव."

माणसं आली. तिनं लिंबू पुन्हा चाकापुढं ठेवायला लावलं. "आता ढकला."

खेमसिंगनं गेर मोकळा केला. चौघांनी मागून खांदा दिला. एवढी मोठी गाडी, पण ओल्या मातीवरून अशी सरकली, जशी काही आधीपासून वाटच पाहत होती. एक लिंबू फुटलं, मग दुसरं, मग मागची दोन्ही. अंगणभर आंबट वास सुटला. एवढंसंच काम होतं. चार माणसं आणि एक धक्का. खेमसिंगचा हात अजून गेरच्या दांड्यावर होता आणि तो त्याला सोडता येत नव्हता.

"मी चाक फिरवा म्हणलं होतं," बसंतीबाई म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणताना तिचा आवाज असायचा, तसाच होता. "चाबी नाही म्हणलं."

ती दम घ्यायला थांबली. खूप वेळ थांबली.

"खाट आणा आता. शुक्रवारपर्यंत कायले थांबायचं."

खाट आली. तिला उशीला टेकवून बसवलं. मोहिउद्दीननंही पिशवी खाली ठेवून खाटेचा एक पाय धरला. नेमसिंग डोळे पुसत पुढं झाला, तसं तिनं बोट दाखवलं.

"तू मागं. पुढं हे लागतील." मग खेमसिंगकडं न पाहता म्हणाली, "हळू चाला. चिखल आहे."