थान

आमच्या शेलार गावात भांडण झालं की लोक समोरच्याच्या आईबहिणीच्या अंगाचं काही शिल्लक ठेवत नाहीत. पण डॉक्टरसमोर त्यातला एक साधा शब्द काढायचा, तर जीभ टाळूला चिकटते.

पॉवरलूमवर कामाला असलेल्या लडकूची बायको मैना तान्ह्याला पाजताना ओठ चावायची. बोंडं लालभडक, चकचकीत झालेली. पाजून झाल्यावरही आत टाचण्या टोचल्यासारखी आग. पोराच्या तोंडात पांढरे डाग.

सासू गुणाबाई म्हणाली, "लडकूच्या अंगावरचा लूमचा कापूस गेला पोराच्या तोंडात. नि तुझं दूध नासलंय, मैने. सोमवारपासून बकरीचं देऊ."

मैनेला तेच नको होतं. तिनं फडक्यानं डाग पुसून पाहिले. दूध पुसलं जातं, कापूसही निघतो. हे निघेना.

"अवो, डॉक्टरला सांगून या," ती नवऱ्याला म्हणाली.

लडकू गेला आणि म्हणाला, "छातीत दुखतंय." डॉक्टरनं त्याचीच छाती तपासली आणि खोकल्याचं औषध दिलं. हा गडी ते घेऊन घरी आला.

"तुमी पिवा ते," म्हणत मैना पोराला घेऊन स्वतः गेली. बाकावर माणसं बसलेली असताना म्हणाली, "थान दुखतंय. बोंडाची आग व्हते." बाकावरचे लोक अचानक भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

डॉक्टरनं पोराचं तोंड बघितलं. "बुरशी आहे. याच्या तोंडात, तुझ्या बोंडावर. दोघांनाही एकदमच औषध लावायचं, नाहीतर ती याची तुला, तुझी याला होत राहील. दूध चांगलं आहे, पाजत राहा."

औषध जांभळं होतं. पोराचं तोंड जांभळं, मैनेची चोळी जांभळी. लडकूनं पोराचा मुका घेतला आणि तसाच ड्युटीवर गेला.

"क्या लडकू, जामुन खाया?" शेजारच्या लूमवरचा सोमा ओरडला. तिथे ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही.

लडकूही बेंबीच्या देठापासून ओरडला, "न्हाय रे, थानाला बुरशी लागलीय!"

नेमकी तेव्हाच लाईट गेली. सगळे लूम थांबले आणि त्याचं वाक्य पत्र्याखाली एकटंच घुमलं.

कापडाच्या ताग्यालाही आमच्याकडे थानच म्हणतात. मुकादम गोदामाकडे पळाला. "कौनसा थान? कितना माल खराब हुआ?"

"मुकादम, तुमचं न्हाय," लडकू म्हणाला. आता लपवायला काय उरलं होतं? "माज्या बायकोचं."

शेड खदाखदा हसली. सोमा मात्र हसला नाही. लाईट येण्याआधी तो लडकूच्या कानाशी आला.

"आमची कमळ पाजताना रडते. टाचण्या टोचतात बोलते. आई बोलते दूध तोड." तो घुटमळला. "डॉक्टरला काय सांगू?"

"पयलं म्हंजे," लडकू म्हणाला, "छाती सांगू नको. न्हायतर खोकल्याचं औषध घरात पडलंय, ते घेऊन जा."