पहिल्या आठवड्याच्या काचा

यकृतात आधी धाग्यांच्या जाळीसारखा व्रण होतो आणि त्याच्या फासात पेशी मरतात, असं मोठे सर वीस वर्षं ठासून सांगत आले होते. म्हणूनच पेशी वाचवणाऱ्या औषधाचा प्रयोग ते आज गुंडाळणार होते. हे ऐकून, उंदरांच्या यकृताचे काप रंगवून काचेवर चढवणाऱ्या ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर तपासायचे फक्त, उंदरांच्या यकृताला इजा केल्यापासून आठव्या आठवड्याच्या काचा. त्याआधीच्या काचांत व्रण पुरता तयार झालेला नसतो, म्हणून त्या फेकून द्यायचा हुकूम होता. ताईंनी तो कधी पाळलाच नव्हता.

त्यांनी भर बैठकीत मायक्रोस्कोप आणून सरांपुढे ठेवला.

"ताई, तुम्ही रंगाचं बघा. विचार करायला आम्ही आहोत."

"वीस वर्षं केलात की! आता जरा डोळा लावा."

पहिल्या आठवड्याच्या काचेत मेलेल्या पेशींचा खच होता, पण व्रणाचा एक धागा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात नेमके त्याच खचाभोवती लाल धागे उगवले होते.

"पेशी मेल्या की शेजारच्या पेशी धागे विणत सुटतात, साहेब. आता ही बघा, औषध दिलेल्या उंदराची, आठव्या आठवड्याची. आज सकाळीच रंगवलीय, तुम्ही अजून पाहिली नाही."

तिच्यात पेशी जिवंत होत्या आणि व्रण नावालाच होता.

"पेशी आधी मरतात," सर पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, मागे ऐकू येत नाही!"

सर मोठ्यानं बोलले. प्रयोग बंद करायचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं फाडला, आणि ताई ताठ मानेनं पुढचे काप रंगवायला निघाल्या.