डायरेक्ट केलेले कूलर

शेजारच्या पार्बताबाईंच्या घरात शिरल्या शिरल्या पौर्णिमाने कूलरची पिन भिंतीतून ओढून काढली. जयभीमसुद्धा म्हणाली नाही.

खिडकीतला पत्र्याचा कूलर घरघरत थांबला. त्याच्यासमोर पार्बताबाईंची नात पिंकी पत्र्याला तळपाय टेकवून झोपली होती.

"काहून वं बंद केला? पोरगी उठन ना!" पार्बताबाई चिडल्या. "आताच तं दारात सांगतलं तुले, तुया धर्मपालच्या हातचा हाय. पानी टाकलं का मीटरजवळचं बटन पडे. त्यानं डायरेक्ट करून देल्ला, तवापासून एकडाव नाई अटकला. लय गुनी मानूस."

गुणी तर होताच. दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबून आल्यावर कुणाचा पंखा, कुणाचा मिक्सर घेऊन बसायचा, तेही नुसत्या चहावर. मागच्या आठवड्यात तो जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला गल्लीतल्या एकेकाने उठून हेच सांगितलं. पौर्णिमा तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. नवरा गेला, नाव तेवढं उरलं होतं, आणि त्या नावावर तिचा फार जीव होता.

तिने पिंकीचे पाय हलकेच पत्र्यापासून दूर केले.

"करंट फुटला का ते बटन पडते, मावशी. मानूस वाचावा म्हनून. त्याईनं तेच मधातून काढून टाकलं."

"मंग? त्याले का समजत नव्हतं?"

"नव्हतं समजत."

हे ती आजवर कधी मोठ्याने बोलली नव्हती. आता थांबणं जमेना.

"ते अटॅकनं नाई गेले मावशी. आमचा कूलरई असाच डायरेक्ट होता. पानी टाकता टाकता चिपकले. म्या लाकडानं ढकललं, पन झालं होतं सारं. लोकाईनं त्याईले हसू नये म्हनून अटॅक सांगतला. मले वाटलं, आमच्याच घरी केलं त्याईनं असं."

 पार्बताबाईंनी झोपलेल्या नातीला छातीशी ओढून घेतलं. 

"आनखी कोनाकोनाचा केलता वं त्यानं?"

पौर्णिमाला ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक घरी विचारावं लागणार होतं, आणि का विचारते तेही सांगावं लागणार होतं.

ती बाहेर आली. अख्ख्या गल्लीत कूलर चालू होते. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने पुढच्या घराची कडी वाजवली.